बेरीची दोन चर्चं: सेंट मेरीज आणि सेंट जेम्स

इंग्लंडच्या सफक परगण्यात बेरी सेंट एडमंड्स नावाचं गाव आहे. आजही तिथे बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. गावाच्या पूर्वेला एकाच कब्रस्तानाच्या कडेला दोन भलीमोठी दगडी चर्चं उभी आहेत आणि मागे एका मठाचे भग्नावशेष पसरले आहेत. पाहुणा हमखास गोंधळतो. यातलं कॅथेड्रल कुठलं? आणि मठाचं चर्च कुठलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी चूक तिथेच होते. मठाचं चर्च यांपैकी एकही नाही. डेनिश हल्लेखोरांनी 869 साली मारलेल्या राजा एडमंडची समाधी ज्या बेनेडिक्टाइन मठात होती, त्याचं चर्च सुमारे दीडशे मीटर लांब होतं. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाला आणि लोकांनी त्याचे दगड घरं बांधायला नेले. सेंट मेरीज आणि सेंट जेम्स ही दोन्ही चर्चं मठाच्या आवारातलीच, पण गावकऱ्यांच्या उपासनेसाठी होती. म्हणून मठ गेला तरी ती टिकली.

सेंट जेम्स बाराव्या शतकात मठाधिपती अँसेल्मने बांधवलं. त्याला स्पेनमधल्या सँटियागोला, म्हणजे संत जेम्सच्याच तीर्थाला जायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून त्याने हे चर्च उभारलं, असं परंपरा सांगते. आजचं मध्यदालन मात्र 1503 नंतरचं. ते जॉन वॉस्टेल या गवंडीप्रमुखाचं काम. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलचं पंख्यासारखं उलगडणारं दगडी छतही त्याचंच. 1914 साली नवा धर्मप्रांत झाला, त्याच्या बिशपचं आसन इथे आलं आणि सेंट जेम्स कॅथेड्रल ठरलं. कॅथेड्रलपण आकारावर नव्हे, त्या आसनावर ठरतं. ओल्ड गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या नावातला ‘से’ म्हणजे ते आसनच.

सेंट मेरीज आजही गावाचं पॅरिश चर्चच आहे, आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिथेच जास्त रमतो. पंधराव्या शतकात लोकरीच्या आणि कापडाच्या व्यापारातून गावात पैसा आला, तो इथे डोळ्यांना दिसतो. मध्यदालनाच्या लाकडी छतावर पंख पसरलेले देवदूत ओळीने उभे आहेत. जॉन बॅरेट नावाच्या कापडव्यापाऱ्याने 1467 मध्ये मरण्याआधीच आपली कबर घडवून घेतली होती. तिच्यावर तो श्रीमंत माणूस म्हणून कोरलेला नाही, कुजत चाललेलं प्रेत म्हणून कोरलेला आहे. पण त्याच्या डोक्यावरच्या रंगवलेल्या छतात बारीक आरसे जडवले आहेत. दिवा नेला की ते ताऱ्यांसारखे लुकलुकायचे! मृत्यूकडे इतक्या उघड्या डोळ्यांनी पाहणारा व्यापारी मला फार जवळचा वाटतो.

ओळखायची खूण मनोऱ्यांत आहे. सेंट जेम्सच्या घंटा शेजारच्या सुट्या नॉर्मन टॉवरमध्ये वाजतात. हा टॉवर मुळात मठाचा बाराव्या शतकातला दरवाजा. कॅथेड्रलच्या माथ्यावरचा मनोरा 2005 मध्ये पुरा झाला, त्यामुळे तो मध्ययुगीन दिसला तरी तसा नाही. सेंट मेरीजचा मनोरा चर्चला जोडलेला आणि बसका आहे. रस्त्यावरून नॉर्मन टॉवरकडे तोंड केलं तर डावीकडे सेंट जेम्स आणि उजवीकडे थोडं चाललं की सेंट मेरीज.

आणि सेंट मेरीजच्या वेदीजवळ जरूर थांबा. आठव्या हेन्रीची धाकटी बहीण, फ्रान्सची राणी झालेली मेरी ट्यूडर, 1533 साली वारली तेव्हा तिला मठाच्या चर्चमध्ये पुरलं होतं. भावाने तो मठच बंद केला, तेव्हा तिचे अवशेष गावकऱ्यांच्या या चर्चमध्ये आणले गेले. आजही ती इथेच आहे.