अव्वांची बादली

दिवेलागण झाली की आमच्या शेजारच्या अव्वा बादली शोधायला लागतात. सोलापूरच्या पूर्व भागात चाळीसेक वर्षं विड्या वळलेली बाई. आदल्या संध्याकाळी पानं भिजत घालायची, सकाळी कापायची, तंबाखू घालून वळायची, दोरा बांधायचा आणि माल कारखान्यात नेऊन द्यायचा. ते सगळं सुटून बारा वर्षं झाली. तरी रोज तेच, "आकुलु (तेलुगूत पानं) भिजवायचीत, बादली कुठाय?" नाही दिली तर हात थेट दाराच्या कडीला.

गल्लीत याला म्हातारचळ म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही, कारण त्यात 'मुद्दाम करते' असा वास येतो. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा आजार. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. त्यात हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग सुरुवातीलाच आजाराच्या तावडीत सापडतो. त्यामुळे 'आत्ताच जेवलात की!' असं कितीदा सांगितलं तरी उपयोग नसतो. ते जेवण बऱ्याचदा मेंदूत नोंदलंच गेलेलं नसतं.

हाताला पडलेलं वळण मात्र मेंदूच्या वेगळ्या भागांत राहतं आणि पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं. अव्वांना नातवाचं नाव सापडत नाही, पण दोरा हातात दिला की गाठ बरोबर पडते. मराठी पुढं शिकलेली, ती आता निसटते; लहानपणचं तेलुगू उरलंय.

संध्याकाळीच का बिनसतं? शरीराचं घड्याळ चालवणारा मेंदूचा भागही या आजारात बिघडतो. त्यात दिवसभराचा शीण आणि अंधुक उजेडातल्या सावल्या. अव्वांच्या सुनेनं दोन गोष्टी केल्या. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावायचे, आणि बादली द्यायची. बादलीत थोडं पाणी, चार तेंदूची पानं, तंबाखू नाही. अव्वा अर्धा तास पानं खालीवर करतात आणि मग निवांत जेवतात.

कधी त्या वारलेल्या नवऱ्याची वाट बघतात. "ते गेले ना, अत्तम्मा" असं सून पूर्वी सांगायची. प्रत्येक वेळी बातमी नवी, रडणंही नवं. आता ती विचारते, "गिरणीतून आल्यावर काय खायचे ते?" मग कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर गप्पा रंगतात. हे फसवणं नव्हे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाची आणि आनंदाची दृश्यं दाखवली. काय पाहिलं ते रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण मनातली भावना मागं रेंगाळली.

आपल्याकडचा मे महिना मात्र वेगळी काळजी मागतो. उतारवयात तहान कमी जाणवते, आणि स्मृतिभ्रंशात पाणी मागायचंही सुचत नाही. पारा चाळिशीपलीकडं गेला की अंगातलं पाणी कमी होऊन माणूस दोन दिवसांत एकदम भ्रमिष्ट होऊ शकतो. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवं औषध यांनीही तसं होतं. घरचे म्हणतात, 'आजार वाढला.' स्मृतिभ्रंश सहसा महिन्यामहिन्यांनी सरकतो. तासा-दिवसांत झालेला बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, यातलं बरंचसं उपचारानं निवळतं. आणि "पाणी हवं का?" असं विचारू नका, उत्तर 'नको' येणार. तांब्या हातात द्या. ताक, आंबील, कलिंगडाची फोड, काहीही चालेल.

विसरायला होतं म्हणून लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्काही मारू नये. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांतही विसरायला होतं आणि त्यावर इलाज आहे. आधी रक्त तपासावं. कानांनी कमी ऐकू येत असेल तर तेही बघावं.

राहता राहिली सून. तिची झोप कुणी मोजत नाही. नणंदेनं आठवड्यातून दोन रात्री इकडं झोपायला यायचं, हे मी भांडून ठरवून घेतलं (शेजारधर्मात हेही येतं). मन फारच जड झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आणि दिवसरात्र.

चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तेही रात्री दोनला. सून उठते, मोटार लावते. आवाजानं अव्वाही उठतात आणि बादली मागतात. त्या रात्री त्यांना कुणी समजावत बसत नाही. सून म्हणते, "आणा इकडं," आणि नळाखाली लावते.