कर्करुग्णांसाठी घरी मिळणारी परिहारक सेवा: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

परिहारक सेवा, म्हणजेच वेदना आणि इतर त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह केअर, ही सगळे उपाय संपल्यानंतरच मागायची असते, असा समज असल्याने बहुतेक कुटुंबे अर्जाला उशीर करतात. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र वेगळी आहे: ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असतानाही देता येते. दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना तिची गरज असते आणि त्यांतील जेमतेम 14 टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

पात्रता ठरवताना सामान्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात. कर्करोगाचे निदान कागदोपत्री झालेले असावे. वेदना, धाप, उलट्या किंवा न भरणारी जखम यांसारखा त्रास असावा. आणि रुग्णाला रुग्णालयात ये-जा करणे जड जात असावे. यांतील शेवटची बाब मोजण्यासाठी डॉक्टर अनेकदा ‘ईकॉग’ श्रेणी वापरतात. जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जात असेल तर श्रेणी 3 धरतात, आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची श्रेणी 4 असते. याखेरीज रुग्णाचे घर ही सेवा देणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या पथकाच्या सेवाक्षेत्रात असणे आणि घरात जबाबदारी घेणारी एक सज्ञान व्यक्ती असणे, या अटीही बहुधा असतात.

अर्जासोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संदर्भ चिठ्ठी, बायोप्सीचा अहवाल, शेवटचे डिस्चार्ज कार्ड, अलीकडच्या स्कॅनचे लेखी अहवाल आणि रुग्ण व काळजीवाहक या दोघांची ओळखपत्रे तयार ठेवावीत. स्कॅनच्या मोठ्या फिल्म शोधत बसण्याचे सहसा कारण नसते. औषधांची यादी मात्र आठवणीने लिहू नये; चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्धवट संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून पहिल्या भेटीत परिचारिकेसमोर ठेवाव्यात. एकच वेदनाशामक दोन नावांनी दिले जात असल्याचे अशाच वेळी लक्षात येते.

नोंदणीनंतर डॉक्टर किंवा परिचारिका घरी येऊन वेदना 0 ते 10 या मापावर विचारतात, तोंड, पाठ आणि टाचा तपासतात आणि पुढच्या भेटी किती दिवसांनी होतील ते ठरवतात. याच भेटीत संमतिपत्र भरले जाते. त्यात रुग्णाला आपल्या आजाराविषयी किती माहिती आहे, असा प्रश्न असतो आणि ‘त्यांना काही सांगू नका’ असे घरचे हळूच सांगतात. ही अडचण पथकाला नवी नसते. तरी रुग्ण भानावर असेल तर संमती त्याचीच घ्यावी लागते, आणि ते योग्यही आहे.

मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधासाठी वेगळी कागदोपत्री शिस्त आहे, कारण ते नियंत्रित औषध आहे. त्यासाठी अधिकृत डॉक्टरांची स्वतंत्र चिठ्ठी लागते आणि किती दिले, किती उरले याची नोंद ठेवली जाते. लवकर विरघळणारी साधी गोळी साधारणपणे दर चार तासांनी देतात. दुखणे वाढण्याची वाट न पाहता ती घड्याळाप्रमाणे द्यायची असते. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध लिहून दिलेले नसेल तर ते आवर्जून विचारावे. व्यसन लागेल या भीतीने परस्पर मात्रा कमी करणाऱ्या कुटुंबांमुळे रुग्णाचे हाल होतात, म्हणून ही शंका पहिल्याच दिवशी बोलून घ्यावी.

आणखी दोन प्रश्न विचारायला जड जातात, पण नोंदणीच्या वेळीच विचारलेले बरे: रात्री त्रास वाढल्यास फोन कोणाला करायचा, आणि घरी मृत्यू झाल्यास कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कोण देणार. दोन्ही उत्तरे औषधांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. मृत्यूनंतर उरलेले मॉर्फिन घरात ठेवू नये किंवा दुसऱ्या रुग्णाला देऊ नये. ते मोजून पथकाकडे परत करावे आणि त्याची पोच घ्यावी.