अंगावरची भिंत : चित्रांचा टी-शर्ट घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

भिंतीवरचे चित्र कापडावर आणताना सर्वांत अवघड जाते ती स्प्रेची विरत जाणारी कड. स्क्रीन छपाईत, म्हणजे जाळीतून शाई कापडावर दाबून केलेल्या छपाईत, शाई एक तर पडते किंवा पडत नाही, मधली फिकी छटा तिला जमत नाही. म्हणून ती कड लहानमोठ्या ठिपक्यांत फोडावी लागते. याला हाफटोन म्हणतात. टी-शर्टसाठी आम्ही इंचाला ठिपक्यांच्या ४५ ते ५५ ओळींचा हाफटोन ठेवतो. त्याहून बारीक ठिपके विणीत बुडतात आणि कड डागाळलेली दिसते. टी-शर्ट हातभर लांब धरून पाहा. ठिपके सुटे न दिसता धुके दिसले, तर छपाई जमली.

स्टेन्सिलच्या अक्षरांत ‘व’ किंवा ‘ब’च्या पोटाला लागून बारीक फट दिसते, ती चूक नव्हे. पुठ्ठा कापून स्टेन्सिल करताना पोटाचा तुकडा गळून पडू नये म्हणून एक पट्टी राखतात, तिथे रंग पोहोचत नाही. स्क्रीनला या पट्टीची गरज नसते, पण ती काढली की अक्षराचा रस्त्यावरचा बाज जातो. आमचे चित्रकार ती मुद्दाम ठेवतात.

अमेरिकी चित्रकार किथ हेरिंगने १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत जाहिरातींच्या रिकाम्या जागांवरील काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रे काढली आणि १९८६ साली पॉप शॉप नावाचे दुकान उघडून तिथे टी-शर्टही विकले. त्याच्यासारखी जाड, सलग रेघ कापडावर सर्वांत छान उतरते आणि टिकतेही. टी-शर्ट रोजच्या वापराचा असेल, तर अशीच चित्रे निवडा.

शाई कोणती?

हलक्या रंगाच्या कापडावर आम्ही पाण्यात मिसळणारी शाई वापरतो. ती धाग्यात मुरते, बोट फिरवले तरी जवळजवळ जाणवत नाही. गडद कापडावर ती दिसत नाही, म्हणून तिथे प्लास्टिसोल, म्हणजे कापडावर थर धरून बसणारी प्लास्टिकची शाई, येते. आधी पांढरा थर, तो जरा सुकवून त्यावर रंग. पांढरा थर रंगाहून किंचित आत ठेवतो, नाहीतर कडेने पांढरी रेघ डोकावते. हाताच्या छपाईत रंग अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, तेवढे चालते. त्याहून जास्त असेल तर आम्ही बदलून देतो.

प्लास्टिसोल पूर्ण पक्के व्हायला शाईचा संपूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. नुसता पृष्ठभाग तापला, तर छपाई कोरडी वाटते, पण काही धुण्यांत तडकते. कापड आम्ही शुद्ध सुतीच घेतो. लाल पॉलिएस्टरवरची पांढरी शाई गुलाबी पडू शकते, कारण उष्णतेने कापडातला रंग सुटून शाईत चढतो.

जुना दिसणारा की बिघडलेला?

कॅसेट, आर्केड खेळ, पिक्सेलची चित्रे यांना आम्ही कधी कधी विरलेले रूप देतो. त्यातले डाग सगळ्या टी-शर्टांवर त्याच जागी असतात, आणि कापड दोन्ही हातांनी हलके ताणले तरी वाढत नाहीत. ताणल्यावर नव्या भेगा उघडल्या आणि सोडल्यावरही तशाच राहिल्या, तर शाई कच्ची आहे. पिक्सेलचा टी-शर्ट मात्र तंग घेऊ नका. छातीवर ताण आला की चौकोनांचे आयत होतात.

माप घेताना तुमचा नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि तक्त्याशी ताडून पाहा. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकते. ७० सेंटिमीटर लांबीचा टी-शर्ट ५ टक्के आटला, तर साडेतीन सेंटिमीटर कमी होतो. दोन मापांच्या मध्ये अडलात तर मोठे घ्या.

धुताना उलटा करा, थंड किंवा ३० अंशांपर्यंतचे पाणी घ्या. गडद रंग पहिल्यांदा वेगळे धुवा. ब्लीच नको. पिळताना चित्रावर पीळ पडू देऊ नका. दाबून पाणी काढा आणि उलटाच सावलीत वाळवा. इस्त्री आतल्या बाजूनेच. चित्रावर थेट गरम इस्त्री टेकली, तर प्लास्टिसोल मऊ होऊन तिला चिकटते, आणि ते परत दुरुस्त होत नाही. घडी घालताना छपाईवर छपाई येत असेल, तर मध्ये पातळ कागद ठेवा.

तक्रार असल्यास दिवसाच्या उजेडात घेतलेले दोन फोटो पाठवा, एक पूर्ण चित्राचा, एक दोषाचा जवळून. सोबत किती वेळा धुतला आणि कसा वाळवला, हेही लिहा. त्यावरून शाई कच्ची होती की ती उष्णतेने बिघडली, हे ठरवणे सोपे जाते.