पाकिटात मावणारी नियमावली

अमेरिकेत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, की लहानपणी वागण्याबोलण्याचे नियम कुठून कळले? आई-वडिलांच्या पाठोपाठ एका पुस्तिकेचं नाव हमखास येईल: 'फॉर द स्ट्रेंग्थ ऑफ यूथ'. १९६५ साली ती पहिल्यांदा निघाली तेव्हा पाकिटात मावेल एवढी लहान होती. आतला तपशील मात्र अगदी बारीक होता. केसांना कर्लर लावलेल्या अवस्थेत मुलीने बाजारात जाऊ नये. शाळा, वाचनालय, हॉटेल अशा ठिकाणी तिने पँट घालणं बरं नव्हे. नाचताना पोक काढू नये, फार वाकू नये. २०२२च्या आवृत्तीत यातलं काहीच नाही. स्कर्टची लांबीही नाही आणि कानातल्यांची संख्याही नाही. हा बदल समजायचा तर सुरुवात १९६५च्या बरीच आधी करावी लागते.

या पंथाचं अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८पासून पंथाच्या नेत्यांचा आग्रह आहे की हेच पूर्ण नाव वापरावं. इथे 'मॉर्मन' म्हटलंय ते वाचकांच्या ओळखीचा शब्द म्हणून. जोसेफ स्मिथ यांनी १८३०मध्ये न्यूयॉर्क राज्यात पंथाची स्थापना केली आणि तीन वर्षांतच खाण्यापिण्याचा प्रसिद्ध नियम आला. ओहायोतल्या कर्टलंड गावी एका दुकानाच्या माडीवर प्रवचनाचे वर्ग भरत. पुरुषमंडळी बसली की आधी चिलमी पेटत, मग तंबाखू चघळणं सुरू होई आणि पिंका जमिनीवर पडत. खोली धुवायचं काम जोसेफ यांच्या पत्नी एमा यांच्याकडे. त्यांच्या तक्रारीची ही हकिगत पुढे जोसेफ यांच्यानंतर पंथाचे प्रमुख झालेल्या ब्रिगहॅम यंग यांनीच सांगितली. २७ फेब्रुवारी १८३३ रोजी जोसेफ स्मिथ यांनी 'वर्ड ऑफ विज्डम' हा दैवी उपदेश सांगितला: तंबाखू नको, मद्य नको, 'गरम पेयं' नकोत. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी, असा अर्थ पुढे रूढ झाला. पण कित्येक दशकं तो सल्लाच होता. मंदिरात प्रवेशाचा दाखला हवा असेल तर तो पाळलाच पाहिजे, हे बंधन १९२१च्या सुमारास तेव्हाचे अध्यक्ष हेबर ग्रँट यांच्या काळात आलं.

तरुणांसाठी वेगळे नियम करण्याची मुळं मात्र रेल्वेत आहेत. मे १८६९मध्ये युटातल्या प्रोमॉन्टरी इथे पूर्व आणि पश्चिम अमेरिकेला जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. छळाला कंटाळून युटाच्या वाळवंटात येऊन वसलेल्या या मॉर्मन समाजाच्या दारात आता पूर्वेकडची फॅशन, कापडचोपड, मासिकं सगळंच येणार होतं. त्याच नोव्हेंबरात ब्रिगहॅम यंग यांनी सॉल्ट लेक सिटीतल्या आपल्या घरी, लायन हाऊसमध्ये, स्वतःच्या मुलींना बोलावलं आणि पोशाख, खाणं, बोलणं साधं ठेवण्यासाठी त्यांची एक संघटना उभी केली. चर्चची आजची 'यंग विमेन' संघटना त्यातूनच वाढली. मुलग्यांची संघटना निघाली १८७५मध्ये. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी मुलींचे कपडे, मग बाकी सगळं. पुढच्या दीडशे वर्षांत हे वजन मुलींच्या खांद्यावरून फारसं हललं नाही, असं मला वाटतं.

त्या काळात बाकीच्या अमेरिकेच्या नजरेत मॉर्मन म्हणजे अनीतिमान लोक. कारण बहुपत्नीत्व. १८९०मध्ये तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी ती प्रथा थांबवण्याची घोषणा केली आणि पुढच्या दोन पिढ्यांत चित्र उलटं झालं. ज्यांच्या घरांकडे बोट दाखवलं जात होतं, ते शिस्तप्रिय, निर्व्यसनी, कुटुंबवत्सल म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१२मध्ये सॉल्ट लेकमधल्या ग्रॅनाइट हायस्कूलशेजारी पहिली सेमिनरी सुरू झाली. शाळेच्या वेळातला एक तास मुलं पलीकडच्या इमारतीत धर्मशिक्षणाला जात. १९१३पासून मुलगे बॉय स्काउटमध्ये जाऊ लागले. ते नातं २०१९च्या अखेरीपर्यंत टिकलं. युटाबाहेर, जिथे मॉर्मन घरं विखुरलेली, तिथे सेमिनरी शाळेआधी भरते. उजाडायच्या आत डोळे चोळत, कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसून ही मुलं धर्मग्रंथ वाचतात आणि मग शाळेची बस पकडतात. वर्षानुवर्षं असं उठणाऱ्या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता १९६५कडे येऊ. लांब केस, आखूड स्कर्ट, नव्या चालीचे नाच यांनी अमेरिकेतले सगळेच पालक धास्तावलेले होते. चर्चच्या पुस्तिकेने त्या धास्तीला नियमांची भाषा दिली. नंतरच्या आवृत्त्यांतून कर्लर गेले, पँटही गेली. १९९०च्या आवृत्तीत रीतिभाती मागे पडून पावित्र्य, संगीत, सिनेमा हे विषय पुढे आले. समलिंगी संबंधांना स्पष्टपणे पाप म्हटलं गेलं. स्वतःबद्दल काही वेगळं कळू लागलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने ते वाक्य एकट्याने कसं वाचलं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

नोव्हेंबर २०००मध्ये तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली तरुणांपुढे बोलले. कृतज्ञ राहा, शिका, स्वच्छ राहा, खरे राहा, नम्र राहा, प्रार्थना करा, असा तो सहा कलमी उपदेश. त्याच सुमारास त्यांनी मुलींना कानातल्यांची एकच जोडी घालायला सांगितलं आणि २००१च्या पुस्तिकेत ते छापून आलं. आपल्याकडे बाळाचे कान टोचतात, बुगडी-कुडीने कान भरला तरी कुणी वावगं मानत नाही. तिथे दुसरं भोक निष्ठेची कसोटी ठरलं. २००५मध्ये चर्चचे ज्येष्ठ नेते डेव्हिड बेडनार यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठात एका तरुणाची गोष्ट सांगितली. त्याच्या मैत्रिणीने जास्तीची कानातली काढली नाहीत, त्याने वाट पाहिली, शेवटी नातं संपवलं. बेडनार यांनी त्या तरुणाचं उदाहरण चांगलं म्हणून दिलं होतं.

झाकलेल्या खांद्यांमागेही कारण होतं. मंदिरात दीक्षा घेतलेले प्रौढ कपड्यांच्या आत 'गार्मेंट' नावाचं पवित्र वस्त्र घालतात. त्यात खांदे आणि गुडघ्यापर्यंतचा भाग झाकला जाई. मुलींना ती सवय आधीपासून लागावी, असा विचार. २०२४मध्ये चर्चने उष्ण प्रदेशांसाठी बिनबाह्यांचं गार्मेंट जाहीर केलं, तेव्हा खांद्यावरून बोलणी खाल्लेल्या बायकांना काय वाटलं असेल!

नियम शिकवण्याची तऱ्हा नियमापेक्षाही खोल जाते. एलिझाबेथ स्मार्टला २००२मध्ये, चौदाव्या वर्षी, सॉल्ट लेकमधल्या घरातून पळवून नेलं आणि नऊ महिने तिच्यावर अत्याचार झाले. २०१३मधल्या एका भाषणात तिने सांगितलं, की एका शिक्षिकेने लग्नाआधीच्या संबंधांची तुलना चघळलेल्या च्युइंगमशी केली होती. बंदिवासात तिला वाटत राहिलं, की आपण तेच चघळलेलं गम आहोत. जुन्या काळच्या कुठल्याही नियमावलीबद्दल बोलताना ही मुलगी आठवलीच पाहिजे.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी डीटर उख्तडॉर्फ यांनी नवी पुस्तिका जाहीर केली. कधीकाळी विमान चालवणाऱ्या या जर्मन नेत्याने सांगितलं, की हा निर्णय घेण्यासाठीचा मार्गदर्शक आहे. टॅटू चालेल का, या प्रश्नाला पुस्तिका सरळ हो-नाही म्हणत नाही. शरीराचं पावित्र्य जपा, त्यावर कायम राहणाऱ्या गोष्टींचा नीट विचार करा, आई-वडिलांशी बोला, असं सांगते. मला हे पाऊल योग्य वाटतं. मुलावर भरवसा टाकल्याशिवाय त्याला विवेक येत नाही. पण सोळा वर्षांच्या पोरीला आता लांबी मोजायची पट्टी नाही, स्वतःच ठरवायचंय, आणि आजूबाजूच्या मोठ्यांच्या डोक्यात जुनी पट्टी तशीच आहे.

शिवाय सगळंच सैल झालेलं नाही. २०१९मध्ये चर्चच्या किशोर मासिकाने व्हेपिंग आणि ग्रीन टी दोन्ही वर्ज्य असल्याचं स्पष्ट केलं. नावात मोका, लाटे किंवा शेवटी 'चीनो' असेल तर त्या पेयात बहुधा कॉफी असते, अशी खूणही दिली. बिशप म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, त्याच्यासमोरची मुलाखतही आहेच. बंद खोलीत एकट्या मुलांना पावित्र्याबद्दल विचारण्याविरुद्ध मार्च २०१८मध्ये सॉल्ट लेकमध्ये मोर्चा निघाला. त्याच वर्षी चर्चने मुलाला हवं असेल तर सोबत आणखी एक मोठं माणूस बसू देण्याची मुभा दिली आणि ठरावीक प्रश्न जाहीर केले. ज्या वर्षी मूल बारा वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या जानेवारीपासून त्याला मंदिराचा दाखला मिळू शकतो. त्यासाठी ते बिशपसमोरच्या खुर्चीत बसतं, आई बाजूला किंवा दाराबाहेर, आणि एकेका प्रश्नाला उत्तर देतं.