नवीन पाकीट घेतलंत? आधी जुनं टेबलावर रिकामं करा

आमच्याकडे चामड्याची पाकिटं बनतात आणि जुनी दुरुस्तही होतात, आणि दुरुस्तीला आलेली बघून बघून एक गोष्ट पक्की कळलीये की पाकीट वापरून जितकं खराब होत नाही तितकं कोंबून होतं. शिवण उसवते ती बहुतेक वेळा घडीपाशी नाहीतर कार्डाच्या कप्प्याच्या कोपऱ्यात, आणि बघायला गेलं तर त्याच कप्प्यात तीन-तीन कार्डं एकावर एक. म्हणून नव्या पाकिटासोबत हे पत्रक देतोय. जुन्यातलं सगळं उचलून जसंच्या तसं नव्यात टाकू नका, एवढीच विनंती.

जुनं पाकीट पूर्ण रिकामं करा, चोरकप्पा पण. मग एकेक वस्तू हातात घ्या आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या महिन्याभरात ही एकदा तरी बाहेर काढली का? आणि उद्या पाकीट हरवलं तर हिच्यामुळे किती धावपळ होईल? पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा कोणी विचारत नाही, आणि खरं तर तोच महत्त्वाचा आहे. रोज लागतं आणि गेलंच तर ब्लॉक करून नवीन मिळतं, असं कार्ड पाकिटात ठीक आहे. पण वर्षातून एकदा लागणारं आणि परत काढायला चार खेपा घालायला लावणारं ओरिजिनल कागदपत्र घरच्या कपाटातच बरं. ओळखपत्राचं म्हणाल तर मोबाईलमधली कॉपी कुठे चालते कुठे नाही, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो, तो एकदा बघून घ्या आणि मगच ओरिजिनल घरी ठेवा.

काही वस्तूंचं ठरतच नाही. "लागलं तर?" असं वाटत राहतं. अशा सगळ्या वस्तू एका लिफाफ्यात घालून घरी ड्रॉवरमध्ये ठेवा, वर आजची तारीख टाका, आणि ज्या दिवशी खरंच लागेल त्या दिवशी तेवढीच वस्तू काढून पाकिटात आणा. महिन्याने लिफाफा बघा. बऱ्याच जणांनी आम्हाला सांगितलंय की लिफाफा उघडायची वेळच आली नाही.

कार्डं किती?

बँकेच्या कार्डाचं माप जगभर सारखंच असतं, 85.60 बाय 53.98 मिलिमीटर आणि जाडी 0.76. एक कार्ड काहीच वाटत नाही, पण दहा झाली की नुसत्या प्लास्टिकचेच साडेसात मिलिमीटर होतात, त्यात चामड्याचे थर धरा, नोटा धरा, आणि घडी घातली की चामडं आणि नोटा दुप्पट. ज्या जुन्या कार्डांवर आकडे उठावदार असतात ती अजून जाड. आमचं मत विचाराल तर चार कार्डं पुरतात: रोजचं एक, प्रवासाचं किंवा ऑफिसचं एक, ओळखपत्र, आणि अडीअडचणीला एक. दुसऱ्या बँकेचं कार्ड असेल तर ते मुद्दाम घरी ठेवा, कारण पाकीट गेलं की सगळी कार्डं एकदमच ब्लॉक करायला लागतात आणि मग हातात काहीच उरत नाही.

चामडं ताणलं की ताणलेलंच राहतं, हे लक्षात ठेवा. एका कप्प्यात दोन कार्डं काही महिने ठेवली आणि मग एकच ठेवायचं ठरवलं तर ते सुळकन खाली पडणार, आणि ते दुरुस्त करणं आमच्याही हातात फारसं नाही. नवीन पाकिटात कार्ड सुरुवातीला घट्ट बसतं ते बरोबरच आहे, थोडे दिवस जाऊ द्या, आपोआप सैल होतं.

मागच्या खिशात पाकीट ठेवून तासनतास बसत असाल तर तेवढं मात्र सोडा. एका बाजूला उंचवटा आल्यामुळे कंबर वाकडी राहते आणि पाकिटाचा दाब कुल्ल्याच्या स्नायूखालून पायाकडे जाणाऱ्या नसेवर येतो. डॉक्टरांनी हे 1970 च्या दशकातच मेडिकल जर्नलमध्ये लिहून ठेवलंय, मागच्या खिशातल्या पाकिटाने पायात कळा येतात म्हणून. पुढच्या खिशात मावेल एवढंच पाकीट भरा, म्हणजे जाडीचा प्रश्न आपोआप सुटतो.

चिल्लर कार्डाच्या शेजारी नको. नाण्यांनी चामडं आतून घासतं, कप्पा फुगतो, आणि कार्डावरच्या चिपवर ओरखडे येतात. किल्ली तर अजिबात नको, त्याचं कारण खाली येतंय. नोटा मात्र थोड्या असू द्या, मोबाईलने सगळं पेमेंट होत असलं तरी, कारण बॅटरी संपते, नेटवर्क जातं, मशीन बंद पडतं. घरी पोहोचता येईल एवढी रोख वेगळी घडी करून मागच्या कप्प्यात ठेवा आणि ती नाही म्हणूनच समजा.

पावत्यांचं काय करायचं हे आम्हाला खूप जण विचारतात. दुकानातली पावती बहुतेक थर्मल कागदावर असते, म्हणजे त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदच काळा पडतो. अंगाची ऊब, घाम, तेलकट हात, पाकिटातलं प्लास्टिक, या सगळ्याने ती अक्षरं उडतात आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद येतो. वॉरंटीची पावती असेल तर त्याच दिवशी फोटो काढा आणि बाकीच्या घरी गेल्यावर रोजच्या रोज बाहेर काढा. घरच्यांचा फोटो ठेवायचा तर जरूर ठेवा, पण पारदर्शक खिडकीमागे ओलाव्याने फोटो चिकटतो आणि सोलताना फाटतो, तेव्हा ओरिजिनल नको, कॉपी ठेवा.

टॅप करून चालणारी कार्डं चोर लांबून वाचेल का, हीपण भीती बऱ्याच जणांना असते. ही कार्डं 13.56 मेगाहर्ट्झवर चालतात, मशीनच्या साधारण 4 सेंटिमीटर जवळ न्यावी लागतात, आणि बँकेच्या अशा कार्डात प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार होतो, तसंच कार्डावर छापलेला सिक्युरिटी नंबर त्यातून जात नाही. म्हणून धातूचा थर असलेलंच पाकीट घ्या असं आम्ही कोणाला सांगत नाही. खरा त्रास वेगळाच होतो, दोन टॅपवाली कार्डं चिकटून असली आणि पाकीटच मशीनवर टेकवलं तर एकतर एरर येते नाहीतर भलत्याच कार्डातून पैसे जातात, म्हणून कार्ड बाहेर काढूनच टॅप करा. आणि हॉटेलच्या खोलीचं काळ्या पट्टीवालं कार्ड मिळालं तर मॅग्नेटवाल्या मोबाईल कव्हरपासून लांब ठेवा, त्या पट्टीवरचा डेटा पटकन पुसला जातो.

हरवलं तर

आमच्यापैकी एकाचं पाकीट बसमध्ये गेलं होतं. पैसे थोडेच होते, पण त्यात नक्की कोणती कार्डं होती हेच आठवेना. दोन ब्लॉक केली, तिसरं चार दिवसांनी आठवलं, ते चार दिवस फार वाईट गेले. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना सांगतो की एका कागदावर प्रत्येक कार्डाचं नाव, शेवटचे चार आकडे आणि बँकेचा हेल्पलाईन नंबर लिहून घरी ठेवा. पिन कुठेच लिहू नका, फोन नंबरसारखा लपवूनसुद्धा नाही. घराचा पत्ता आणि घराची किल्ली एकाच पाकिटात कधीच नको, वर किल्लीचं म्हटलं ते यासाठी.

आणि पाकीट परत येतं, यावर विश्वास ठेवा. 2019 मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, 40 देशांत 17,000 हून जास्त पाकिटं "सापडली" म्हणून वेगवेगळ्या काउंटरवर नेऊन दिली होती. पैसे नसलेल्या पाकिटांसाठी सुमारे 40 टक्के वेळा मालकाशी संपर्क झाला, पैसे असलेल्यांसाठी 51 टक्के, म्हणजे पैसे असले तर लोक जास्तच परत करतात! पण संपर्क होऊ शकला तो आत नाव आणि इमेल असलेलं कार्ड होतं म्हणूनच. दुरुस्तीला येणाऱ्या किती पाकिटांत अशी चिठ्ठी असते म्हणाल तर फार थोड्या.

म्हणून नोटांच्या कप्प्यामागच्या बारक्या खणात आम्ही एक कोरं कार्ड घालून दिलंय. एका बाजूला नाव आणि घरच्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन नंबर लिहा, स्वतःचा नको कारण पाकिटाबरोबर मोबाईलपण गेलेला असू शकतो. मागच्या बाजूला रक्तगट, कशाची ॲलर्जी असेल तर ती, आणि रोजची औषधं. बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई घामाने पसरते.