980 की 1480? एर्बियम ॲम्प्लिफायरच्या पंपामागचा वाद

निओडायमियम मिसळलेल्या फायबरमध्ये प्रकाशाचं वर्धन 1964 मध्येच दाखवून झालं होतं, पण ते 1.06 मायक्रोमीटर तरंगलांबीला. दूरसंचाराच्या फायबरमधली घट सर्वांत कमी असते ती 1550 नॅनोमीटरच्या आसपास, किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल. तिथे गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, मिळाला 1987 मध्ये, फायबरमध्ये मिसळलेल्या एर्बियम या मूलद्रव्यामुळे. उत्तेजित एर्बियम आयन वरच्या पातळीवर सुमारे 10 मिलिसेकंद टिकतो. गिगाबिटच्या वेगाने येणारे बिट त्यामुळे गेन हलवू शकत नाहीत आणि एका चॅनलचा (त्याच फायबरमधल्या एका तरंगलांबीचा) संदेश दुसऱ्यात उमटत नाही.

आयनांना ऊर्जा देऊन वरच्या पातळीवर नेणारा प्रकाश म्हणजे पंप. पहिले प्रयोग त्यासाठी प्रयोगशाळेतल्या भल्यामोठ्या लेझरवर झाले. 1989 च्या सुमारास पंपासाठी लेझर डायोड आले आणि खरा वाद सुरू झाला: पंप 980 नॅनोमीटरचा की 1480 चा?

980 नॅनोमीटरचा पंप आयनला तिसऱ्या पातळीवर नेतो. तिथून तो लगेच खाली, दीर्घायुषी पातळीवर उतरतो, त्यामुळे जवळजवळ सगळे आयन उत्तेजित ठेवता येतात. नॉइज फिगर, म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नलमध्ये किती गोंगाट मिसळतो याचं माप, 3 डेसिबलच्या सैद्धांतिक मर्यादेजवळ जाते. 1480 चा पंप मात्र थेट त्याच दीर्घायुषी पातळीवर नेतो आणि काही आयनांना परत खालीही ओढतो. इन्व्हर्जन, म्हणजे खालच्यापेक्षा वरच्या पातळीवर जास्त आयन असण्याची स्थिती, कधीच पूर्ण होत नाही, नॉइज फिगर 5 च्या आसपास राहते. शेकडो ॲम्प्लिफायरच्या साखळीत हा 2 डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच गुणवत्तेत जवळपास दीडपट अंतर.

तरीही 1990 च्या दशकाच्या मध्यात अटलांटिकखाली गेलेल्या टीएटी-12/13 केबलमध्ये 1480 चेच पंप होते, आणि तो निर्णय योग्यच होता. 980 चा डायोड गॅलियम आर्सेनाइडवर घडतो. त्याच्या टोकाच्या पृष्ठभागावर प्रकाश शोषला जातो, तिथलं तापमान वाढतं, तापमानामुळे शोषण आणखी वाढतं आणि टोक वितळतं. डायोड कसलीही पूर्वसूचना न देता मरतो. इंडियम फॉस्फाइडवरचा 1480 चा डायोड हळूहळू थकतो, म्हणून त्याच्या आयुष्याचा अंदाज आधी बांधता येतो. 25 वर्षं समुद्रतळाशी राहणाऱ्या उपकरणाला नॉइज फिगरपेक्षा हा अंदाज मोलाचा. 980 ची कमी नॉइज फिगर तेवढी मिरवणारे लेख ही बाजू अनेकदा गाळतात.

चिप निर्वातात तोडून टोकावर लगेच संरक्षक थर चढवण्याची पद्धत रुळली आणि 980 चा मार्ग मोकळा झाला. 980 जवळचा शोषणपट्टा अरुंद आहे. तापमानाबरोबर पंपाची तरंगलांबी सरकली की गेन घसरतो, म्हणून डायोडला जोडलेल्या फायबरच्या तुकड्यात (पिगटेल) ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच परावर्तित करणारी जाळी, लिहून पंपाची तरंगलांबी 974–976 नॅनोमीटरच्या आसपास जखडतात.

पुढे चॅनल वाढले तसे प्रश्न बदलले. 1530 जवळचं गेनचं शिखर ॲल्युमिनियम मिसळून आणि गेन सपाट करणारे फिल्टर लावून आवरलं. मधले काही चॅनल अचानक गळाले की उरलेल्यांची पॉवर उसळते. त्यासाठी पंपावर जलद नियंत्रण आलं. दोन टप्प्यांच्या रचनेत पहिला 980 वर आणि दुसरा 1480 वर चालवायची प्रथा पडली, कारण फोटॉनच्या ऊर्जेचा हिशेब पाहता 1480 ची कमाल कार्यक्षमता 95 टक्के, तर 980 ची 63.

एका ठिकाणी 1480 ला आजही पर्याय नाही. रिपीटर (वाटेत वीज पुरवून चालवलेले ॲम्प्लिफायर) नसलेल्या केबलमध्ये एर्बियम फायबरचा तुकडा किनाऱ्यापासून दूर बसवतात आणि पंप किनाऱ्यावरून, त्याच केबलच्या फायबरमधून पाठवतात. 980 ची घट त्या फायबरमध्ये किलोमीटरमागे 1 डेसिबलहून जास्त आहे, म्हणून ती शक्ती काही किलोमीटरांतच संपते. 1480 ची मात्र कित्येक दहा किलोमीटरांनंतरही पुरेशी उरते.