प्रयोगशाळेतलं सल्फ्युरिक ॲसिड: प्रांत कार्यालयात नोंद कशी करायची, कागदपत्रं कोणती आणि जबाबदारी कोणाची

शाळेच्या, ज्युनिअर कॉलेजच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीव्र सल्फ्युरिक ॲसिड ठेवलं जात असेल, तर त्याच्या वापराची नोंदवही ठेवावी लागते. ती आपल्या भागाच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्याला प्रांत ऑफिस म्हणतो तिथे, सादरही करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हा आदेश दिला. २००५ साली दिल्लीत १५ वर्षांच्या लक्ष्मीच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकलं गेलं होतं. तिच्या याचिकेमुळे देशभर ॲसिडच्या खुल्या विक्रीला लगाम बसला. त्याच आदेशात प्रयोगशाळांसाठीही स्वतंत्र सूचना आहेत, पण अनेक संस्थांमध्ये त्या अजून कोणी वाचलेल्याच नसतात.

हे कोणाला लागू आहे? आदेशात शैक्षणिक संस्था, संशोधन प्रयोगशाळा, रुग्णालयं, सरकारी विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांचे विभाग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संस्था अनुदानित आहे की विनाअनुदानित, असा भेद तिथे नाही. संस्थेने तीन गोष्टी करायच्या आहेत. वापराची नोंदवही ठेवून ती दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायची. ॲसिडचा ताबा आणि सुरक्षितता यांसाठी एक व्यक्ती जबाबदार धरायची आणि साठा तिच्या देखरेखीखाली ठेवायचा. आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची व कर्मचाऱ्यांची तपासणी करायची. या सूचना मोडल्या, तर कारवाई करण्याची जबाबदारी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांवरच सोपवलेली आहे.

खरेदीपासून सुरुवात करू. ॲसिड विकण्यासाठी १९१९ च्या विष अधिनियमाखालच्या नियमांनुसार परवाना लागतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून परवान्याची प्रत मागून घ्या आणि फाइलला लावा. दुकानदाराने खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि विकलेलं प्रमाण आपल्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवल्याशिवाय आणि कशासाठी हवंय ते सांगितल्याशिवाय त्याने ॲसिड द्यायचं नाही. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला तर विकायचंच नाही. नियम मोडणाऱ्या विक्रेत्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संस्थेच्या लेटरहेडवर ॲसिडचं नाव, तीव्रता, प्रमाण आणि 'प्रात्यक्षिकासाठी' हा उद्देश लिहून, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र आणि आणायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याचं ओळखपत्र एवढं बरोबर असलं की काम होतं. बाटली एसटीतून किंवा लोकलमधून आणू नका, पुरवठादाराला पोहोचती करायला सांगा.

प्रमाणाचा विचार मात्र आधीच करा. अडीच लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेतली जाते आणि मग वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. त्या एका बाटलीत साडेचार किलोहून जास्त ॲसिड असतं आणि ती हातातून निसटली तर काय होईल, हे सांगायला नको. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनाला (टायट्रेशनला) लागतं ते विरल ॲसिड. तीव्र ॲसिड लागतं ते क्षार ओळखण्याच्या चाचण्यांना आणि नायट्रेट ओळखण्याच्या तपकिरी वलयाच्या चाचणीला, तेही थेंबांच्या हिशेबात. एक मोलर द्रावणाच्या एका लिटरला तीव्र ॲसिड जेमतेम ५५ मिलिलिटर पुरतं. शाळेला ५०० मिलिलिटरची एक बाटली बहुतेक वेळा वर्षभर चालते.

आता प्रांत कार्यालयातला अर्ज. न्यायालयाच्या आदेशात अर्जाचा ठरावीक नमुना दिलेला नाही, त्यामुळे साधं पत्र चालतं. तुमच्या कार्यालयाने स्वतःचा तक्ता दिला असेल, तर अर्थातच तो भरा. पत्रात संस्थेचं नाव, पत्ता, शाळा असेल तर यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), प्रयोगशाळा कोणत्या इमारतीत आणि कोणत्या मजल्यावर आहे, कोणती ॲसिडं आहेत, त्यांची तीव्रता, बाटल्या किती आणि केवढ्या, आणि जबाबदार व्यक्तीचं नाव, हुद्दा व फोन लिहा. त्या व्यक्तीच्या नेमणूक आदेशाची प्रत, खरेदीची बिलं आणि नोंदवहीच्या भरलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती जोडा. सगळं दोन प्रतींत न्या. एक आवक शाखेत द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या आणि ती जपून ठेवा. पुढे तपासणी आली, तर पहिल्यांदा विचारली जाते ती पोचच. किती दिवसांनी नोंदवही सादर करायची याची मुदत आदेशात नाही. माझ्या मते जूनमध्ये वर्ष सुरू होताना एकदा आणि बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्यावर एकदा, असं वर्षातून दोनदा तरी द्यावी, कारण सगळ्यात जास्त वापर त्या परीक्षेच्या दिवसांत होतो.

जबाबदार व्यक्ती कोण असावी, यावर मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अनेक संस्था प्रयोगशाळा परिचराचं नाव टाकून मोकळ्या होतात. बाटल्या तोच हाताळतो, किल्ली त्याच्याच खिशात असते, मग नावही त्याचंच! पण एखाद्या शिक्षकाने 'जरा बाटली दे' म्हटलं, तर त्याला नाही म्हणण्याचा अधिकार परिचराला आहे का? नसेल, तर त्याच्या गळ्यात ही जबाबदारी अडकवणं अन्यायाचं आहे. ज्याच्याकडे किल्ली आहे, ज्याला नोंद झाल्याशिवाय बाटली देणार नाही असं सांगता येतं आणि ज्याला या रसायनाचा स्वभाव माहीत आहे, अशाच व्यक्तीचं नाव हवं. म्हणजे रसायनशास्त्राचा शिक्षक किंवा विभागप्रमुख. नेमणूक लेखी हवी, तिच्यावर त्या व्यक्तीची सही हवी आणि ती रजेवर असताना किल्ली कोणाकडे जाणार, तेही त्याच कागदावर हवं.

नोंदवहीत तारीख, वर्ग, प्रयोग, घेतलेलं प्रमाण, शिल्लक, घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही एवढे रकाने पुरतात. अडचण येते ती शिल्लक मोजताना, कारण बाटली तपकिरी असते आणि मोजण्यासाठी ॲसिड ओतून पाहणं म्हणजे विनाकारण धोका पत्करणं. त्यापेक्षा बाटली बंदच ठेवून वजन करा. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या एका मिलिलिटरचं वजन १.८४ ग्रॅम असतं. नवी सीलबंद बाटली आली की तिचं वजन लेबलवर लिहायचं आणि नंतर प्रत्येक वापरानंतर पुन्हा वजन करायचं. ९२ ग्रॅम कमी भरले, म्हणजे ५० मिलिलिटर गेलं. नोंदीत ३० लिहिलेलं असेल, तर उरलेलं २० कुठे गेलं हे त्याच दिवशी विचारता येतं. एवढंसं ॲसिडसुद्धा एखाद्याचा चेहरा कायमचा विद्रूप करायला पुरेसं आहे. ॲसिड हल्ल्याला आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ खाली किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण पीडितेचं आयुष्य त्या शिक्षेने परत मिळत नाही. म्हणून हा हिशेब ग्रॅमपर्यंत लागला पाहिजे.

मुलांच्या तपासणीबद्दल पालक नाराज होतील, अशी भीती शिक्षकांना वाटते. पण मुख्य बाटली मुलांसमोर आणायचीच नाही, टेबलावर फक्त क्रमांक घातलेल्या छोट्या ड्रॉपर बाटल्या ठेवायच्या आणि तास संपायच्या पाच मिनिटं आधी त्या मोजून परत घ्यायच्या, असं ठरवलं तर दारातली तपासणी झटपट आणि कोणालाही न दुखावता होते. एक जरी बाटली कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत वर्ग सोडायचा नाही.

कपाट कुलूपबंद आणि हवेशीर असावं आणि बाटली खालच्या फळीवर ठेवावी. डोळ्यांच्या उंचीवर तीव्र ॲसिड कधीच नको. बाटलीखाली जाड प्लास्टिकचा ट्रे ठेवा. त्याच कपाटात पोटॅशियम परमँगनेट, क्लोरेट, सायनाइड, सल्फाइड किंवा अल्कली ठेवू नका. परमँगनेटची पूड तीव्र ॲसिडात पडली, तर स्फोटक ऑक्साइड तयार होतो आणि अनुमापनाच्या निमित्ताने या दोन बाटल्या शेजारी येतातच. विरल करताना पाण्यात ॲसिड, थोडं थोडं, ढवळत घाला. उलट केलं तर पाणी क्षणात उकळून ॲसिड तोंडावर उडतं. गॉगल आणि सुती ॲप्रन घालाच. पातळ नायट्राइलचे हातमोजे शिंतोड्यांपुरतेच, तीव्र ॲसिड ओतायला जाड निओप्रीनचे घ्या.

अंगावर सांडलं तर भिजलेला कपडा लगेच काढून वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तरी तेच, पापण्या उघड्या धरून, आणि मग थेट दवाखान्यात. त्वचेवर खायचा सोडा लावू नका. तो फरशीवर सांडलेल्या ॲसिडासाठी आहे, त्याची बादली दाराजवळ ठेवा. सांडलेलं टिपायला लाकडाचा भुसा किंवा चिंध्या वापरू नका, तीव्र ॲसिड त्यांना जाळून काळं करतं.

जबाबदार शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती झाली, तर जुन्या आणि नव्या जबाबदार व्यक्तीने मिळून बाटल्यांची वजनं करावीत, नोंदवहीत त्याच तारखेला दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि नव्या नेमणुकीची प्रत प्रांत कार्यालयात देऊन पोच घ्यावी. जुनी नोंदवही घरी न नेता संस्थेच्या दप्तरी जमा करावी.